खाली डायव्हर, वर खलाशी

मालवण-तारकर्लीत स्कूबा म्हटलं की बहुतेकांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची पंधरा-वीस मिनिटांची डुबकी आठवते. पाहुण्याची टाकी इन्स्ट्रक्टरच्या हातात, समोर मासे, कॅमेरा चालू. खासगी चार्टरचं काम निराळं असतं. होडी दिवसभर एकाच गटाची, पाहुणे परवानाधारक डायव्हर, दोन डाइव्ह, कधी निवतीच्या खडकांपर्यंतची फेरी. सहा पाहुण्यांमागे तांडेल (होडी चालवणारा), डाइव्ह लीडर आणि दोन खलाशी लागतात. या चौघांत पाण्याखाली जातो एकटा लीडर. बाकी तिघं वरच असतात, आणि खाली गेलेला माणूस सुखरूप वर येतो की नाही हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरतं. होडी चालवता येणारी, पाणी ओळखणारी पोरं किनाऱ्यावर भरपूर आहेत. डाइव्हच्या होडीवर त्याखेरीज काय यावं लागतं, ते इथे लिहिलं आहे.

काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. आधी टाक्यांचा हिशोब. सहा पाहुणे आणि एक लीडर, दोन डाइव्ह, म्हणजे चौदा. दोन जादा धरून सोळा. आपल्याकडे चालते ती ॲल्युमिनियमची ११.१ लिटरची टाकी, भरलेली साधारण १७ किलोची. सोळा टाक्या म्हणजे २७० किलोच्या वर वजन, चार मोठी माणसं जास्त बसवल्यासारखं. ते सगळं मागे इंजिनापाशी रचलं तर नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उचलते आणि लाटेवर होडी आपटत जाते. वजन मध्याकडे आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटायचं. टाकी रॅकमध्ये, रबरी पट्ट्याने आवळलेली. रॅक नसेल तर आडवी, खाली रबरी मॅट, दोन्हीकडून अडण लावलेली. उभी, मोकळी टाकी होडीत एक मिनिटही ठेवायची नाही. ती पडते तेव्हा कुणाच्या तरी पायाच्या बोटांवर पडते किंवा व्हॉल्व्हवर आपटते.

प्रत्येक टाकीवर गेज लावून दाब बघायचा, तोही टाकी थंड झाल्यावर. भरताना हवा तापते. गरम टाकीने दाखवलेले २०० बार (बार हे दाबाचं माप) सकाळी १८५ झालेले असतात. ११.१ लिटरच्या टाकीत १५ बार कमी म्हणजे सुमारे १६५ लिटर हवा कमी, म्हणजे १८ मीटरवर साधारण तीन मिनिटं. १८५च्या खालच्या टाक्या बाजूला काढायच्या आणि पुन्हा भरायच्या. भरलेल्या टाकीच्या तोंडावर टेप, वापरलेली टाकी बिनटेपाची. ही खूण सगळ्या होडीवर एकच हवी, नाहीतर दुसऱ्या डाइव्हला कुणाच्या तरी पाठीवर अर्धी टाकी चढते.

कॉम्प्रेसर चालवायची पाळी खलाशाकडे असेल तर एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: हवा खेचणारा पाइप वाऱ्याच्या वरच्या अंगाला, इंजिनाचा धूर खालच्या अंगाला. दुपारी वारा फिरतो, तेव्हा पाइपही फिरवायचा. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड टाकीत गेला तर जमिनीवर कदाचित डोकेदुखीवर भागेल. पण २० मीटरवर दाब तिप्पट असतो, म्हणून त्या वायूचा मारही तिप्पट. त्याला वास नाही, चव नाही. हवेला तेलकट वास आला तर टाकी बाद करायचीच, पण वास नाही म्हणून हवा शुद्ध आहे असं समजायचं नाही. फिल्टर किती तास चालला याची वही कॉम्प्रेसरच्या शेजारीच टांगलेली असावी. दमट हवेत फिल्टर लवकर संपतो, आणि कोकणात हवा नेहमीच दमट.

लहान सामानाचा एक डबा लागतो. व्हॉल्व्हच्या ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) किमान दहा, मास्कचे आणि फिन्सचे पट्टे, टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणाऱ्या रेग्युलेटरच्या तोंडाचे रबर, प्लास्टिकचे टाय, अ‍ॅडजस्टेबल पाना, ॲलन चाव्या. ओ-रिंग काढायला पितळेची किंवा प्लास्टिकची काडी वापरायची. सुईने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली की खाचेला ओरखडा पडतो, मग नवी ओ-रिंग बसवली तरी हवा फुसफुसतच राहते.

इंजिनाचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. पेट्रोलचे तीन वाटे: एक जायला, एक यायला, एक राखीव. इंजिन चालू झालं की मागून पाण्याची धार पडते का बघायचं. धार बारीक झाली तर बहुधा पाणी घ्यायच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते. इंजिन बंद करूनच ती काढायची. जादा स्पार्क प्लग, जादा पंखा, पंख्याची पिन. आणि इंजिन बंद करायची लाल दोरी तांडेलाच्या मनगटाला, खुंटीला नव्हे.

निघायची वेळ वारा ठरवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं सपाट असतं. दुपारी बारा-एकनंतर खारा वारा उठतो आणि लाट चढू लागते. म्हणून पहिली डाइव्ह साडेआठच्या आत, मध्ये तासभर विश्रांती, दुसरी डाइव्ह बाराच्या आत आटोपायची. पाहुणे नऊ वाजता आरामात नाश्ता करून आले तर दुसरी डाइव्ह हलत्या होडीवर करावी लागते. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगायचं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघायचे. फक्त वाऱ्याचा आकडा बघून चालत नाही. दूरवरून आलेली लाटांची फुग लांबून दिसत नाही, पण खडकाजवळ गेलं की होडी वर-खाली करू लागते.

भरतीसाठी जुन्या माणसांचा हिशोब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठीला सहाची पाऊणपट म्हणजे साडेचार, त्या सुमाराला पूर्ण भरती. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या पाण्याचा आहे. मालवणला भरती त्याहून तास-पाऊण तास आधी होते. अंदाजाला ठीक, पण शेवटचा शब्द छापील तक्त्याचा. पाण्याखाली किती दिसेल हेही यावरच ठरतं. ओहोटीला कर्ली आणि कोळंब खाड्यांचं गढूळ पाणी बाहेर पडतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणून भरती संपता संपता, पाणी थांबायच्या वेळेची डाइव्ह सगळ्यात चांगली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त आणि गाळही जास्त. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) पाणी शांत असतं. पाहुण्यांना तारीख मोकळी असेल तर भांगाचे दिवस सुचवावेत.

होडीवर आल्यावर पाहुण्यांना चार गोष्टी सांगायच्या: चपला कुठे, पाणी कुठे, ओकारी आली तर कुठे, आणि हालचाल करताना कशाला धरायचं. ओकारी वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कठड्याला धरून, शेजारी एक खलाशी. डोकं खाली घालून कॅमेरा जोडत बसलेला पाहुणा सगळ्यात आधी आजारी पडतो. त्याला उठवून क्षितिजाकडे बघायला लावायचं. होडी लागायची गोळी निघायच्या तासभर आधी घेतली तरच काम करते, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. नाश्त्याला पोहे किंवा घावणे चालतात, वडे-भजी नकोत. पाणी भरपूर पाजायचं, कोकम सरबत तर पाहुणे आवडीने पितात. शरीरात पाणी कमी असणं डीकम्प्रेशनच्या आजाराला (खोलवरून वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याला) पोषक ठरतं, म्हणून पाणी पाजणं हा निव्वळ पाहुणचार समजू नये.

आता सामान जोडणं. बीसीडीचा, म्हणजे टाकी अडकवायच्या आणि हवा भरता येणाऱ्या जॅकेटचा, पट्टा आधी पाण्यात भिजवायचा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात गेल्यावर सैल होतो आणि टाकी खाली सरकते. रेग्युलेटर बसवण्याआधी ओ-रिंग जागेवर आहे का, चिरलेली नाही ना, हे नजरेने बघायचं. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, गेजची काच कुणाच्याही तोंडाकडे नको.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण जगभर यानेच माणसं गेली आहेत. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मग पाव फेरा मागे घ्यायची जुनी सवय आहे. पाहुणा पाण्यात उतरायच्या तयारीत असतो, खलाशी मदत म्हणून शेवटच्या क्षणी व्हॉल्व्हला हात घालतो, घाईत उलटीकडे फिरवतो. म्हणजे उघडा व्हॉल्व्ह बंद करतो आणि सवयीप्रमाणे पाव फेरा मागे घेतो. आता व्हॉल्व्ह जेमतेम पाव फेरा उघडा आहे. वर होडीत श्वास व्यवस्थित येतो, गेज २०० दाखवतं. पण १५ मीटरवर एकेका श्वासाला अडीचपट हवा लागते, ती त्या फटीतून येत नाही. माणसाला टाकी भरलेली असताना हवा मिळत नाही. म्हणून नियम सरळ: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. आणि पाठीवर चढलेल्या टाकीच्या व्हॉल्व्हला न सांगता हात लावायचा नाही. तपासायची रीत: पाहुण्याने गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार खोल श्वास घ्यायचे. श्वास ओढताना काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट आहे. काटा हलला नाही तरच तो माणूस कठड्यावर बसेल.

वजनाचा पट्टा देताना बकलविरहित टोकाने धरायचा, म्हणजे शिसं घरंगळून बाहेर पडत नाही. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की समुद्रात साधारण दोन किलोने वर ओढू लागते. म्हणून सुरुवातीला अगदी बरोबर वाटणारं वजन शेवटी कमी पडतं आणि वर येताना पाच मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या थांब्यावर माणूस टिकत नाही. पाहुणा स्टीलच्या टाकीवर शिकलेला असेल तर हे त्याच्या लक्षात येत नाही. लीडरच्या कानावर घालायचं.

नांगराबद्दल. किनाऱ्यावरच्या सवयीने चार फाळ्यांचा नांगर खडकात अडकवायचा, की होडी घट्ट. मासेमारीत ते ठीक. डाइव्हच्या जागी खडक म्हणजेच प्रवाळ. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७पासून आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब सोपा आहे: गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, नांगर एका हिसक्यात वीस-तीस वर्षांची वाढ उखडतो, आणि पुढच्या मोसमात पाहुण्याला दाखवायला तिथे काही उरत नाही. बांधायचा बोया असेल तर बोया. नसेल तर लीडरने मास्क लावून डोकावून वाळूची जागा दाखवावी आणि तिथेच सपाट पात्यांचा नांगर सोडावा, पुढे तीन-चार मीटर साखळी. आठ मीटर पाण्यात निदान चाळीस मीटर दोर हवा, कारण आडवा ओढला गेला तरच नांगर वाळूत रुततो. दोर तोकडा पडला की नांगर उभा राहतो आणि घसरत थेट प्रवाळाच्या दिशेने जातो.

नांगर धरला की मागच्या बाजूने तीस मीटरचा तरंगता दोर सोडायचा, टोकाला फुगा. हे पहिला डायव्हर पाण्यात जाण्याआधी. ओढीने मागे गेलेल्या माणसाला पकडायला हाच दोर असतो, आणि माणूस मागे गेल्यावर तो गुंडाळीतून सोडवायला वेळ नसतो. डायव्हरचा झेंडाही तेव्हाच वर: लाल, त्यावर तिरपा पांढरा पट्टा, आणि शेजारी निळा-पांढरा. मात्र या झेंड्याचा अर्थ जवळून जाणाऱ्या प्रत्येक होडीला कळेल असं धरून चालू नका. जेट स्की आणि पॅरासेलिंगच्या होड्या तर सुसाट येतात. एका खलाशाने शिट्टी घेऊन उभं राहायचं आणि हाताने बाजूने जायला लावायचं. रापण किंवा जाळं टाकलेलं दिसलं तर त्यांच्यापासून आपणच लांब जायचं. ते त्यांचं रोजचं पोट आहे.

पाण्यात उतरताना इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. न्यूट्रलमध्येही पंखा कधी कधी हळू फिरत राहतो, आणि घाईत दांडी कुणाच्या कोपराने ढकलली जाते. पाठीवर पडून उतरणाऱ्यांच्या मागे खलाशाने वाकून बघायचं, मग मोठ्याने सांगायचं. दोघं समोरासमोरच्या कठड्यावर असतील तर दोघांनी एकाच वेळी उतरायचं, नाहीतर एक गेला की होडी कलंडते.

आणि आता पाटी. प्लास्टिकची पाटी, पेन्सिल. प्रत्येकाचं नाव, उतरायची वेळ, उतरतानाचे बार, वर आल्याची वेळ, आल्यावरचे बार. दुसऱ्या डाइव्हला नवी रांग. डोकी मोजायची नाहीत. डोकी मोजताना एखाद्याला दोनदा मोजलं जातं, कधी खलाशीच पाहुण्यांत मोजला जातो. नाव पुकारायचं आणि त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं. 'तो आहे, पुढे बसलाय' हे मित्राचं उत्तर चालत नाही. जानेवारी १९९८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक होडी दोन डायव्हरांना मागे सोडून किनाऱ्याला परतली. ती दोघं नाहीत हे कळायला दोन दिवस गेले, तेही त्यांच्या पिशव्या होडीवर तशाच पडलेल्या दिसल्या म्हणून. ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथे मोजणीचे आणि नोंदीचे नियम कडक झाले. आपल्या होडीवर कडकपणा आणायला पाटी आणि पेन्सिल पुरते. सगळी नावं पुरी झाल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, मग पाहुणे कितीही कंटाळोत.

सगळे खाली गेले की वरच्यांनी मासे गळाला लावत बसायचं नाही. एकाची नजर बुडबुड्यांवर, दुसऱ्याची आजूबाजूच्या होड्यांवर. सपाट पाण्यात बुडबुडे स्वच्छ दिसतात, वारा चढला की हरवतात. हरवण्याआधी ते कोणत्या दिशेला चाललेत हे किनाऱ्यावरच्या खुणेशी जुळवून ठेवायचं: बुरूज, माड, दीपगृह. वेळेचाही हिशोब डोक्यात हवा. माणूस पाण्याच्या वर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल तर १८ मीटरवर ५६ लिटर घेतो. २०० बारपासून ५० बारपर्यंत साधारण १६६५ लिटर, म्हणजे तीस मिनिटं. उथळ पाण्यात पन्नास-पंचावन्न मिनिटंही निघतात. ठरलेल्या वेळेवर दहा मिनिटं गेली आणि बुडबुडेही नाहीत, डायव्हर खालून वर सोडतो तो नारिंगी फुगाही नाही, तर वाट बघत बसू नका. शेवटची दिसलेली जागा आणि वेळ लिहा, तिथे बोया टाका, ओढीच्या दिशेने शोध सुरू करा आणि तटरक्षक दलाला कळवा: व्हीएचएफ चॅनल १६ किंवा फोन १५५४. लवकर कळवून मग सगळे सापडले तर कुणाचं काही बिघडत नाही.

वर आलेल्या डायव्हरकडे होडी न्यायची वेळ आली तर नाळ वाऱ्याकडे ठेवून, हळू. वारा पाठीशी घेतला की होडी थांबत नाही. डायव्हर तांडेलाच्या बाजूला, सतत नजरेसमोर. तीन-चार मीटरवर इंजिन बंद, दोर फेकायचा, ओढून घ्यायचं.

लहान होडीत चढवताना क्रम चुकला की गोंधळ होतो. आधी वजनाचा पट्टा वर, मग बीसीडी, शेवटी फिन्स. बीसीडी आधी काढली आणि कमरेला शिसं राहिलं तर माणूस खाली जातो. फिन्स आधी काढले तर ओढीत पोहता येत नाही. बीसीडी काढण्याआधी ती फुगवलेली आहे ना बघायचं, नाहीतर ती टाकीसकट तळाला जाते. रेग्युलेटर तोंडातून काढायचा तो शिडी हातात आल्यावर. शिडीवर एक जण असेल तर तिच्या खाली दुसरा नको, टाकी निसटली तर थेट डोक्यावर. टाकी ओढताना गुडघे वाकवून व्हॉल्व्हपाशी धरायची, नळीला धरून नव्हे. रोज चौदा टाक्या कमरेतून उचलल्या की मोसम संपायच्या आत पाठ जाते.

प्राणवायूचा संच होडीवर असायलाच हवा, आणि तो वापरता येणारा माणूसही. दहा लिटरचा बी टाइप सिलिंडर भरलेला असताना सुमारे १५०० लिटर देतो. मिनिटाला १५ लिटरने शंभर मिनिटं. किनाऱ्याला पोचून १०८ची गाडी येईपर्यंत ते पुरेल का, हा हिशोब जायच्या जागेप्रमाणे आधीच करायचा. त्याच्या नळीला, धाग्यांना तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही, शुद्ध प्राणवायूत ते पेट घेतं. डाइव्हनंतर सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, चक्कर, न शोभणारा थकवा, अंगावर लालसर चट्टे: यातलं काहीही दिसलं तर माणसाला आडवं करायचं, प्राणवायू सुरू करायचा, शुद्धीत असेल तर पाणी द्यायचं. 'परत खाली जाऊन ये, बरं वाटेल' असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणायचं. पहिला फोन डॉक्टरला, आणि डाइव्ह झाली होती हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, कारण उपचार दाबाच्या खोलीत होतो आणि ती मालवणला नाही. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे.

यालाच लागून, पाहुणे परतीला निघताना विचारायचा एक प्रश्न: कुठल्या रस्त्याने जाणार? विमानाबद्दल बहुतेक डायव्हरांना माहीत असतं. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं. घाटाचं लक्षात येत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, बेळगाव त्याहून उंच. ६०० मीटरच्या वर विमानाचाच नियम धरायचा असतो. बाराला दुसरी डाइव्ह, दोनला माशाचं जेवण आणि चारला गाडी आंबोलीच्या वळणांवर, हा बेत किनाऱ्यावर फार नेहमीचा आहे. चार्टर ठरवतानाच त्यांना रात्रीचा मुक्काम घ्यायला सांगावं. थांबणं शक्यच नसेल तर त्या दिवशी डाइव्ह नको, स्नॉर्कलिंग करावं. कोकण रेल्वेने मडगाव किंवा रत्नागिरीकडे जाणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही, गाडी किनारपट्टीनेच जाते.

पाहुणे गेले की गोडं पाणी. रेग्युलेटरचं धुळीचं टोपण कोरडं करून घट्ट बसवायचं, मगच बादलीत बुडवायचं. पाण्यात असताना मधलं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी नळीतून आत जातं आणि पुढच्या महिन्यात आत गंज दिसतो. बीसीडीच्या आतही पाणी घालून हलवून ओतायचं. मीठ सुकलं की हवा भरायचं बटण अडकतं, आणि ते दाबलेलंच अडकलं तर डायव्हर फुग्यासारखा वर येतो. टाक्या पूर्ण रिकाम्या करायच्या नाहीत, २० बार तरी ठेवायचे, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. इंजिनातून गोडं पाणी दहा मिनिटं फिरवायचं. पाटीवरची नावं आणि आकडे वहीत उतरवून मगच पाटी पुसायची. कुणाचा सांधा रात्री दहाला दुखायला लागला तर डॉक्टर विचारतील ते त्याच वहीत असतं: किती खोल, किती वेळ, किती वाजता वर आला.